सीएसएमटी ते काळा घोडा, आईसोबत
आज आईला घेऊन सीएसएमटीहून जहांगीर आर्ट गॅलरीला चालत निघालो, सबवेतून वर आलो ते नेमकं भलत्याच बाजूला, मग परत खाली, परत वर, आईचे गुडघे बोलायला लागले. रस्त्यावर पाट्या आहेत ना, पण सगळ्या गाडीवाल्यांसाठी! हुतात्मा चौकात एका चहावाल्या काकांनी रस्ता सांगितला, देव भलं करो त्यांचं. लंडनमध्ये २००७ ला बाँड स्ट्रीटजवळ 'लीजिबल लंडन'चे, म्हणजे पायी चालणाऱ्यांना रस्ता दाखवणारे खांब लागले, त्यावरचा नकाशा आपलं तोंड असेल त्याच दिशेने असतो आणि ५ मिनिटांत चालत कुठवर जाता येईल त्याचं वर्तुळही. सबवेच्या प्रत्येक तोंडाशी असा खांब हवाच, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि बसायला बाक कुठेय तेही त्यावर लिहा.