वारा फिरायच्या वेळचा फोन

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्याच्या दिवशी दुपारभर उत्तरेकडून तापलेला वारा येतो आणि आग लांब, चिंचोळा पट्टा जाळत दक्षिणेकडे धावते. संध्याकाळी नैर्ऋत्येचा गार वारा सुटतो. शहरातले लोक हुश्श करतात, आणि तेव्हाच त्या पट्ट्याची पूर्वेकडची अख्खी बाजू आगीचं तोंड बनते. ७ फेब्रुवारी २००९ला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर होता. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. इशारे वेळेवर पोचले नाहीत, हे चौकशी आयोगाने लिहून ठेवलंय. तेव्हापासून इथल्या रेडिओवर इशारा वाचताना कुणी स्वल्पविरामही बदलत नाही.

इशाऱ्याच्या पातळ्या तीन: पिवळी, केशरी, लाल. ठरलेला भोंगा फक्त लाल पातळीला वाजवायचा. मग गावांची नावं, काय करायचं, आग कुठे सरकतेय, पुढची माहिती कधी. वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो. Yea या गावाचा उच्चार ‘ये’. तो चुकला की ऐकणारा समजतो, ह्यांना आमचा भाग ठाऊक नाही.

अशाच एका वणव्याच्या संध्याकाळी मी रेडिओवर प्रोड्यूसरच्या खुर्चीत होतो. वारा फिरायच्या बेतात असताना एका बाईंचा फोन आला. त्यांचं ठिकाण इशाऱ्यातल्या गावांच्या यादीत नव्हतं. धूर प्रत्येकाला जवळच वाटतो, म्हणून प्रश्न ठरलेले असतात: ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहात? ज्वाळा दिसतात की नुसता लाल उजेड? पडतेय ती राख गार आहे की पेटती? बाई म्हणाल्या, जळती साल पडतेय आणि कुंपणाजवळचं गवत पेटलंय. निलगिरीची साल वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावते, त्यामुळे हे अगदी शक्य होतं. अधिकृत इशारे काढणाऱ्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. उत्तर आलं, ‘पुढचा इशारा तयार होतोय.’

निवेदक जुना माणूस. पहाटे रेडिओच्या बातम्या वाचायच्या आणि दुपारी टीव्हीसाठी खांद्यावर ट्रायपॉड टाकून निघायचं, अशा छोट्या गावातल्या नोकरीत घडलेला. त्याला तो ओढा ठाऊक होता. (हल्ली दूरच्या एका शहरात बसून चार-चार भागांच्या बातम्या वाचून घेतात. त्यात पैसे वाचतात, ओढे हरवतात.) त्याने बाईंना थेट हवेत घेतलं आणि फक्त डोळ्यांनी दिसतंय तेवढंच विचारलं. मग स्पष्ट सांगितलं, ‘हा अधिकृत इशारा नाही. ओढ्यापलीकडे राहणाऱ्यांनी बाहेर बघा.’ निघा म्हणाला नाही, थांबा म्हणाला नाही. थोड्या वेळाने लाल इशारा आला, त्यात ते ठिकाण होतं.

नंतरच्या बैठकीत संपादकांनी विचारलं, बाईंचा अंदाज चुकीचा निघाला असता तर? निवेदक म्हणाला, लोक बाहेर डोकावून परत आत गेले असते.

तेव्हा मला हे उत्तर पटलं होतं. पण घाबरलेला माणूस नुसता डोकावत नाही, गाडी काढतो. त्या ठिकाणाहून निघायला रस्ता एकच आहे, आणि धुरात समोरची गाडी दिसत नाही. शिवाय नियंत्रण कक्षाची वाट बघत बसलो असतो तर मधली मिनिटं कुणाच्या खात्यात गेली असती, हे संपादकांनी विचारलंच नाही.