हाडाआधी दात: जबड्याच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

सायकलवरून थेट हनुवटीवर आपटलो. रक्त थोड्या वेळात थांबलं, सूज मात्र चढत गेली. मुका मारच असेल असं वाटत होतं. पण तोंड मिटलं तर खालचे दात वरच्यांवर बसेचनात. दवाखान्यात मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या, सर्जननी पहिला प्रश्न तोच केला, “दात पूर्वीसारखे जुळतायत का?”

ओपीजी म्हणजे सगळा जबडा एकत्र दाखवणारा एक्स-रे काढला. हाड दोन ठिकाणी तुटलं होतं. डावीकडे सुळ्याखाली एक आणि उजव्या कोपऱ्यात, अक्कलदाढेपाशी, दुसरं. मार डावीकडे बसला तर उजवी बाजू का मोडली? खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं कानापुढच्या सांध्यांत अडकलेली असतात. त्यामुळे एकीकडचा धक्का पलीकडे पोहोचतो आणि जिथे हाड कमी तिथे ते मोडतं. माझ्या त्या कोपऱ्यात आडवी अडकलेली अक्कलदाढ होती, म्हणजे जागा आयतीच कमजोर. हनुवटीवर पडलेल्याचे कानापुढचे सांधे तपासतातच. सीटी स्कॅनमध्ये माझे शाबूत निघाले.

भुलीची नळी नाकातून घातली. तोंडातून घातली असती तर ऑपरेशन चालू असताना दात मिटता आले नसते, आणि सगळा खेळ तर दात मिटण्याचाच. आधी हाड जुळवत असतील, मग दात आपोआप जागेवर येत असतील, असा माझा समज होता. प्रत्यक्षात आधी वरच्या आणि खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या तारेने बांधून दात नेमके जुळवतात, दोन्ही जबडे तसेच एकत्र आवळतात, आणि मगच हाडाला प्लेट, म्हणजे धातूची पट्टी, स्क्रूने लावतात. दात चुकीचे बसवून हाड कितीही घट्ट केलं तरी उपयोग शून्य.

चीर ओठाच्या आतून, हिरडीखाली घेतली, त्यामुळे चेहऱ्यावर खूण नाही. प्लेटा टायटॅनियमच्या, अगदी लहान. स्क्रूसुद्धा २ मिलिमीटर जाडीचे. पुढच्या बाजूला दोन प्लेटा, एकीखाली एक. कोपऱ्यात मात्र एकच, वरच्या कडेला. एवढीशी पट्टी चावण्याचा जोर पेलणार? डॉक्टरांनी समजावलं, की चावताना कोपऱ्यात वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. वरचा ताण धरला की काम झालं. हनुवटीकडे हाडाला पीळही बसतो, म्हणून तिथे दोन. हा विचार फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे सर्जन शाम्पी यांनी १९७०च्या दशकात पक्का केला. त्याआधी बहुतेकांचं तोंड ४ ते ६ आठवडे तारांनी बंदच ठेवावं लागे. ऑपरेशननंतर माझ्या दातांवरच्या पट्ट्यांना नुसती रबरं लावली होती, दातांना योग्य दिशा देण्यापुरती.

पुढचे आठवडे कंटाळवाणे. चावणं पूर्ण बंद, सगळं पातळ, प्रत्येक खाण्यानंतर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा. वजन उतरलं. धूम्रपान करणाऱ्यांना जंतुसंसर्गाचा धोका जास्त, हे मला दर भेटीत ऐकवलं गेलं. मी ओढत नाही तरी. मग तोंड उघडण्याचा व्यायाम: दातांमध्ये लाकडी चपट्या काड्या सरकवायच्या आणि हळूहळू त्यांची संख्या वाढवायची. दुखतं, पण टाळलं तर तोंड आखडतं.

प्लेटांमुळे विमानतळावरचं यंत्र वाजेल का, एवढंच लोक विचारतात. मला छळलं ते बधिर ओठाने. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच येते. मारात ती दुखावते, ऑपरेशनमध्येही ताणली जाते. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळायचं आणि मला पत्ता नसायचा. कित्येक महिन्यांनी मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टर खूश झाले. नस जागी होतेय म्हणाले. एका कडेला अजून पूर्ण संवेदना नाही.

प्लेटा काढायच्या का, असं शेवटच्या तपासणीला विचारलं. जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू सैल झाला तरच, नाहीतर राहू द्या, म्हणाले. काढायच्या तर पुन्हा भूल, पुन्हा चीर आणि त्याच नसेशेजारी पुन्हा हत्यारं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.