नातवंडांचा शनिवारचा सॉकर

न्यू जर्सीत लेकीकडे मुक्काम असला की आमची शनिवारची सकाळ नातवंडांच्या सॉकरसाठी राखीव असते. सात वर्षांच्या नातवाच्या सामन्यात दोन्ही बाजूंना चार-चारच खेळाडू असतात आणि गोलरक्षक नसतोच, त्यामुळे गुळाला मुंगळे चिकटावेत तशी आठही मुले चेंडूभोवती गोळा होतात. नऊ वर्षांच्या नातीचा खेळ सात-सात जणींचा, बराच शिस्तीचा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी चेंडू डोक्याने मारू नये, ही अमेरिकी सॉकर महासंघाने 2015 मध्ये जाहीर केलेली मनाई मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचा विचार करता मला रास्तच वाटते. परवा नातू भर सामन्यात खाली बसून नडगीवरचे शिनगार्ड सरळ करू लागला आणि चेंडू शेजारून निघून गेला. तेव्हा ‘अरे, ऊठ ना!’ असे ओरडणाऱ्या त्याच्या आजीला, सूचना देणे हे प्रशिक्षकांचे काम आहे, असे लेकीने हळूच बजावले.