आमची वाटचाल : दाणा दिसायला हवा

आमचं दुकान पुण्यात, सदाशिव पेठेत. वडिलांनी काढलं तेव्हा ती व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. कॅसेट परत आली की रिवाइंड केलीय का, एवढंच बघायचं. पुढे व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, भाड्याचा धंदा बसला आणि आम्ही विक्रीकडे वळलो.

‘रिमास्टर्ड’, म्हणजे जुनं चित्र नव्याने साफ केलेलं, असं छापलेल्या डिस्क यायला लागल्या तेव्हा एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाची डिस्क मी मोठ्या कौतुकाने विकली. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. घेणारे काका थिएटरात ऑपरेटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी डिस्क घेऊन हजर. “अरे, चेहऱ्याला मेण फासलंय. लुगड्याचा पोत कुठे गेला?” दुकानातल्याच टीव्हीवर त्यांनी ते दाखवलं. मी पैसे परत केले आणि म्हटलं, काका, मला शिकवा.

मग कित्येक रविवार ते येत राहिले. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र मुळात चांदीच्या कणांचं. तो बारीक दाणा ‘घाण’ समजून संगणकाने पुसला, की त्याच्याबरोबर केस, सुरकुत्या, भिंतीचा गिलावा सगळंच पुसलं जातं. मग चित्र मऊ पडलं म्हणून कडा धारदार करतात आणि माणसाभोवती पांढरी रेघ उमटते. जुन्या १.३७ चौकटीचा (रुंदी उंचीच्या १.३७ पट) चित्रपट रुंद टीव्हीभर पसरवायला वरखाली कापला, तर उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. श्रेयनामावलीची अक्षरं कडेला टेकली असतील तर तिथेच शंका घ्यावी. इंग्लंडहून आलेल्या पाल (तिथल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रांनी (फ्रेमनी) चालतात, चित्रपट २४ चा. म्हणून अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टीही किंचित चढते.

उलटंही शिकलो. एका दृश्यातून दुसरं उमलतं तिथे चित्र क्षणभर मऊ होतं, ते त्या काळच्या लॅबमधल्या कामामुळे. त्याचा दोष डिस्कला देऊ नये.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत होरपळली होती. इटलीतल्या बोलोन्यात तिचे वाचलेले तुकडे हाताने दुरुस्त केले, जिथे काहीच हाती लागलं नाही तिथे दुसऱ्या प्रती वापरल्या. २०१५ ची ती ब्लू-रे आम्ही दुकानात लावली तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. दाणा जिवंत होता. आमच्या जुन्या मराठी चित्रपटांवर असे हात फिरावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आजवर आमच्या हाती आलेल्या त्यांच्या बहुतेक डिस्क थकलेल्या प्रिंटवरूनच काढलेल्या दिसतात.

आता विक्री थोडी, पण प्रत्येक डिस्कबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी देतो: चौकट पूर्ण आहे का, दाणा राखलाय का, अंधारातले तपशील दिसतात का. डिस्क पास झाली नाही तर तेही लिहितो, आणि गिऱ्हाईक बऱ्याचदा ती घेत नाही. चालतं. घरी जाऊन आधी टीव्ही सिनेमा मोडवर घ्या, शार्पनेस उतरवा, मोशन स्मूथिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, हे मात्र तोंडीच सांगतो.

काकांनी परत केलेली डिस्क अजून गल्ल्याच्या खणात आहे. नवीन माणूस आला की पाच मिनिटं ती लावतो, आणि तिच्यामागोमाग ‘पथेर पांचाली’.