हिमयुगाचं जंगल आणि महासंगणकाचा अर्ज: माझा अनुभव

प्राचीन हवामानाचं मॉडेल चालवायचं असेल, तर महासंगणकाच्या वेळेसाठी अर्ज करताना स्पिन-अपची वर्षं, म्हणजे मॉडेलमधला समुद्र नव्या हवामानात स्थिरावेपर्यंतची वर्षं, वेगळ्या रकान्यात, कारणासकट लिहा. माझं काम सर्वांत जास्त रखडलं ते इथेच, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली, उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर बर्फाचे प्रचंड थर, हवेत कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत १९० च्या आसपास. अशा जगात उष्ण कटिबंधातलं जंगल कितपत तगून राहिलं, हे मला पाहायचं होतं. मॉडेल बसवणं, पृथ्वीच्या कक्षेची मूल्यं बदलणं, बर्फाचा नकाशा चढवणं यात विशेष काही अडलं नाही. पीएमआयपी या प्राचीन हवामानाच्या मॉडेलांची तुलना करणाऱ्या सामायिक प्रकल्पात जगभरचे गट एकाच साच्यातले प्रयोग करतात, त्यामुळे कोणता आकडा कुठे घालायचा हे आधीच ठरलेलं असतं. अगदी बर्फात अडकलेल्या पाण्यामुळे समुद्र किती खारट धरायचा, तेसुद्धा.

मग आला अर्ज. मी लिहिलं: विश्लेषणासाठी शंभर वर्षं, आणि त्याआधी समुद्र स्थिरावायला हजाराहून अधिक. समितीने शंभर वर्षं ठेवली आणि बाकीची कापून टाकली. शेरा होता, या वर्षांतून थेट निष्कर्ष निघत नाही.

निष्कर्ष त्या वर्षांवरच तर उभा असतो! वातावरण नव्या परिस्थितीशी चटकन जुळवून घेतं, समुद्राच्या वरच्या थराला काही दशकं लागतात. खोल समुद्राचं तसं नाही. तिथलं पाणी बदलतं ते मुख्यतः ध्रुवांकडे गार आणि जड होऊन खाली बुडणाऱ्या पाण्यामुळे, आणि हे चक्र पुरं व्हायला शतकानुशतकं जातात. आजचा समुद्र घेऊन त्याच्यावर हिमयुग लादलं की तो निवत राहतो, निवतच राहतो. मध्येच थांबलात तर हाती येतं ते अर्धवट गार झालेलं जग. त्याचा पाऊस भरवशाचा नाही, आणि त्या पावसावर वनस्पतींचं मॉडेल चालवलं तर ते जिथे नव्हतं तिथे जंगल उभं करतं.

हे समजावून सांगायला समोर कोणी नव्हतं. विचारपूस केली की एकच उत्तर मिळे: समितीचा निर्णय आहे, पुढच्या फेरीत अर्ज करा. त्या फेरीची वाट पाहणं मला फार जड गेलं. मधल्या काळात सर्वांसाठी खुल्या असलेल्या रांगेत छोटे तुकडे चालवले. तिथे वेळेची मर्यादा संपली की चालू काम तोडतात, म्हणून रीस्टार्ट फाइल (जिच्यावरून काम थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं) वारंवार लिहून घ्यायची आणि तिची प्रत दुसरीकडे ठेवायची.

त्या तुकड्यांनीच शेवटी काम केलं. दुसऱ्या अर्जात मी युक्तिवाद जवळजवळ काढून टाकला आणि एक आलेख लावला: समुद्राचं तापमान अजून कसं उतरतंय. त्याखाली पीएमआयपीचा निकष दिला, सागरपृष्ठाच्या जागतिक सरासरी तापमानाचा कल शतकाला ०.०५ अंशाच्या आत यायला हवा. सगळी वर्षं मंजूर झाली. तो आलेख मी आजही अभिमानाने दाखवते. आणखी एक, हेच मॉडेल वापरणाऱ्या दुसऱ्या गटाकडे स्थिरावलेल्या हिमयुगीन समुद्राची फाइल असेल तर आधी ती मागा. बरीच शतकं वाचतात.

वनस्पतींचा भाग त्यामानाने लवकर उरकला. मी बायोम४ हे वनस्पतींचं मॉडेल वापरलं. त्याला महिन्यागणिक तापमान, पाऊस, ऊन, मातीची माहिती आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. हवामान मॉडेलचं तापमान जसंच्या तसं घालू नका. हिमयुग आणि औद्योगिक क्रांतीपूर्वीचा काळ, दोन्ही त्याच मॉडेलवर चालवून फरक काढा आणि तो प्रत्यक्ष मोजलेल्या हवामानात मिळवा, म्हणजे मॉडेलची स्वतःची खोड बरीचशी वजा होते. मग कार्बन डायऑक्साइड एकदा १९० आणि एकदा २८० ठेवून पाहा. हवामान तेच, तरी १९० ला झाडं मागे हटतात आणि गवत पसरतं. कमी कार्बनमध्ये झाडाला पर्णरंध्रं जास्त उघडावी लागतात, त्यातून पाणी जातं. कमी कार्बनमध्येही नीट अन्न बनवणाऱ्या सी४ प्रकारच्या गवताला हा तोटा तितका सोसावा लागत नाही. त्यामुळे तळ्यांच्या गाळातल्या परागकणांत झाडं कमी दिसली म्हणून लगेच दुष्काळाचा निष्कर्ष काढू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

एक राहिलंच. आग्नेय आशियातला सुंदा शेल्फ तेव्हा कोरडी जमीन होता, आज तिथे समुद्र आहे. आजच्या जमिनीवरच्या नोंदींत तिथे आकडाच नसतो, मग फरक मिळवणार कशात? जवळच्या जमिनीवरची मूल्यं तिथपर्यंत वाढवून घ्यावी लागतात. आणि ६,००० वर्षांपूर्वीचा प्रयोग करणार असाल तर महिन्यांची लांबी कक्षेप्रमाणे दुरुस्त करा. तेव्हा पृथ्वी कक्षेचे तेच टप्पे आजच्याइतक्याच दिवसांत ओलांडत नव्हती. आजचं कॅलेंडर तसंच लावलं तर सप्टेंबरच्या आसपासचे आकडे फसवे येतात.