प्लग काळा, तरी गाडी लीन

ती मोटरसायकल माझ्याकडे आली तेव्हा तिची लक्षणे एकमेकांच्या विरोधात साक्ष देत होती. प्लग काढून पाहिला तर तो काजळीने काळाभोर झालेला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त जात होते, मिश्रण रिच होते. आणि उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट बॅकफायर, गरम इंजिनाची रेस खाली यायला लागणारा वेळ आणि सावकाश चालवताना सतत बसणारे हिसके पाहिले, तर पेट्रोल कमी पडत होते, म्हणजे मिश्रण लीन होते. दोन्ही गोष्टी एकाच इंजिनात एकाच दिवशी दिसत होत्या. कार्बोरेटरची कामे मी रोजच करतो, पण इतके स्वच्छ विरोधाभासाचे प्रकरण क्वचितच हाती येते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

गाडी 650 सीसीची, एका सिलिंडरची ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांची होती आणि तिला 40 मिमीचा सीव्ही कार्बोरेटर होता, ज्यातली स्लाइड इंजिनाच्या ओढीने आपोआप वर-खाली होते. मालकाने एअरबॉक्सचे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचे, वरचे तोंड मोठे करून घेतले होते, मोकळा सायलेन्सर बसवला होता आणि त्यानंतर हिसके सुरू झाले म्हणून आधीच्या कारागिराकडून मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा मुख्य छिद्राचा पितळी तुकडा, वाढवून घेतला होता. मूळ 140 च्या जागी आता 160 चा जेट होता. हिसके कमी झाले नव्हते, उलट गाडी वरच्या रेसला जड झाली होती. तरीही मालकाची मागणी एकच होती : "जेट अजून एक नंबर मोठा बसवून पाहा."

अशा वेळी मी पाना हातात घेण्याआधी विचारतो की त्रास होतो तेव्हा थ्रॉटल किती उघडा असतो. बहुतेक जण उत्तर वेगात देतात, साठला होतो, सत्तरला होतो असे सांगतात. पण कार्बोरेटरला वेग कळत नाही, त्याला फक्त स्वतःचे उघडलेपण आणि इंजिनाची ओढ कळते. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून, म्हणजे आयडलिंगच्या लहान जेटमधून, आणि मिक्स्चर स्क्रूमधून येते. त्याच्या वर, साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत, नीडलचे, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचे, राज्य असते. आणि शेवटच्या पावाला मेन जेट खऱ्या अर्थाने हिशेबात येतो. या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण पाव थ्रॉटलला मेन जेट बदलून जवळजवळ काहीच का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलला तेव्हा दोन दारांतून एकापाठोपाठ जावे लागते, आधी मेन जेटमधून आणि मग नीडल व नीडल जेट यांच्यामधल्या कडीसारख्या फटीतून. नीडल खाली असताना ही फट इतकी अरुंद असते की पुरवठा तीच ठरवते. मागचे दार कितीही रुंद केले तरी पुढच्या दारातून तेवढेच पेट्रोल बाहेर पडते.

मी हँडलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या हाउसिंगवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावल्या, पाव, अर्धा आणि पाऊण थ्रॉटलच्या खुणा केल्या आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेलो. हिसके नेमके पावच्या खुणेच्या अलीकडे-पलीकडे येत होते. अर्ध्याच्या पुढे गाडी ओढत होती, पण पाऊणच्या वर आवाज घोगरा व्हायचा आणि रेस चढायला कंटाळायची. म्हणजे तक्रार एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या थ्रॉटलच्या दोन टोकांना राहत होत्या.

परत आल्यावर मालक सहज बोलून गेले, "थोडा चोक ओढून ठेवला ना, की गाडी मस्त चालते. मी रोज तसाच चालवतो." त्यांच्या लेखी ती एक सवय होती, माझ्या लेखी ते निदान होते. या जातीच्या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसते. तो जादा पेट्रोलाचा एक वेगळा मार्ग असतो आणि इंजिनाची ओढ जोरात असते तेव्हा, म्हणजे थ्रॉटल कमी उघडा असताना, त्याचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. पाव थ्रॉटलला चोक ओढल्यावर हिसके थांबतात याचा अर्थ तिथले मिश्रण लीन आहे, याहून सरळ पुरावा शोधावा लागत नाही. आणि चोक ओढलेल्या अवस्थेत, वर 160 च्या मेन जेटवर रोज धावणाऱ्या गाडीचा प्लग काळा होणार नाही तर काय होईल? प्लग खोटे बोलत नव्हता. पण तो सगळ्या प्रवासाची सरासरी दाखवतो. कोणत्या थ्रॉटलला काय घडले हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

जेटला हात लावण्याआधी काही गोष्टी नक्की करून घ्याव्या लागतात, कारण बाहेरून हवा आत येत असेल तर जेटिंगला काही अर्थ उरत नाही. इनटेकच्या रबरी बुशाभोवती मी थंड इंजिनावर थोडा स्प्रे मारून आयडलिंग बदलते का ते पाहिले. सिलिंडर हेडजवळचा सायलेन्सरचा सांधाही तपासला, कारण तिथून हवा शिरली तरी तशीच फटफट होते. दोन्ही ठीक होते. मग वरचे झाकण जागेवर ठेवूनच स्लाइड बोटाने वर उचलली, व्हॅक्यूमचे भोक बंद केले आणि बोट काढले. स्लाइड वरच तरंगत राहिली, म्हणजे तिला उचलणारा रबरी पडदा, डायफ्राम, फाटलेला नव्हता. बाऊलमधली पेट्रोलाची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंचीही मापात होती.

मिक्स्चर स्क्रूवर कारखान्याची पितळी टोपी अजून तशीच होती. छोट्या थ्रॉटलला मिश्रण लीन ठेवणे ही उत्सर्जनाच्या नियमांची गरज असते आणि कोणी ते सेटिंग हलवू नये म्हणून ही टोपी ठोकलेली असते. एअरबॉक्स उघडल्यावर हवेची वाट मोकळी झाली, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी जेटवरची ओढ घटली आणि मुळात काठावर असलेले मिश्रण काठाच्या खाली गेले. टोपी काढण्याचे काम मी नेहमी हाताने, घाई न करता करतो : बारीक ड्रिल, जेमतेम दाब, आणि पितळ आरपार जाताच थांबणे, कारण स्क्रूचे डोके लगेच मागे असते. मग त्या भोकात लाकडात मारायचा एक स्क्रू दोन आटे फिरवून टोपी ओढून काढायची. आत क्रमाने स्क्रू, स्प्रिंग, बारीक वॉशर आणि तांदळाच्या दाण्याहून लहान ओ-रिंग असते. ही ओ-रिंग बहुधा भोकाच्या तळाशी चिकटून राहते आणि ती आहे हे ज्याला माहीत नसते त्याच्या हातून हमखास हरवते. तिच्याशिवाय आयडलिंग कधीच एका जागी थांबत नाही. मी ती वाकवलेल्या तारेने बाहेर काढली, पुसली, उजेडात धरून पाहिली आणि वाटीत वेगळी ठेवली.

पायलट जेट 42.5 चा होता, त्याच्या जागी मी 45 चा बसवला. पितळी जेट मऊ असतात, म्हणून खाचेत पूर्ण बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरावा. या गाडीच्या मेन जेटच्या कडा आधीच कुरतडल्या गेल्या होत्या. मिक्स्चर स्क्रू हलकेच तळाला टेकवून दोन वळणे बाहेर घेतला. तो इंजिनाच्या बाजूला असल्यामुळे पेट्रोलाचा स्क्रू होता, बाहेर काढला की मिश्रण रिच होणारा. एअरबॉक्सच्या बाजूचा हवेचा स्क्रू याच्या अगदी उलट वागतो आणि ही गल्लत मी अनेक कारागिरांच्या हातून झालेली पाहिली आहे. नीडलला क्लिपचे खाचे नव्हते, म्हणून तिच्या खांद्याखाली अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर घालून ती तेवढी उचलली. स्लाइडचे भोक मोठे करण्याचा सल्ला मालकांनी कुठेतरी ऐकला होता. मी नकार दिला. जेट आणि वॉशर परत काढता येतात, पाडलेले भोक बुजवता येत नाही.

मेन जेट मी मुद्दाम तसाच ठेवला, कारण दोन्ही टोके एकदम हलवली तर कशामुळे काय सुधारले ते कळत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्क्रू थोडा थोडा फिरवत आयडलिंग जिथे सर्वांत उंच आणि एकसारखे झाले ती जागा धरली. ती सव्वादोन वळणांवर आली. तिथे येण्यासाठी तीनहून जास्त वळणे लागली असती तर पायलट जेट अजून लहान ठरला असता. थ्रॉटल झटकन उघडून सोडल्यावर रेस आता वर लटकत नव्हती, सरळ खाली येऊन थांबत होती. रस्त्यावर पावच्या खुणेशी, चोक पूर्ण बंद ठेवून, गाडी एका लयीत चालली. उतारावरची फटफटही जवळजवळ गेली. मोकळ्या सायलेन्सरला थोडी राहतेच, आणि ती पूर्ण घालवण्यासाठी पायलट आणखी वाढवणे मला पटत नाही.

मग वरचे टोक घेतले. रिकाम्या चढावर पूर्ण थ्रॉटलला मी क्षणभर पेट्रोलचा कॉक बंद केला. फ्लोट बाऊलमधली पातळी उतरू लागते तसे मिश्रण लीन होत जाते, आणि बंद पडण्याआधी इंजिनाने जर अचानक जोर धरला तर मेन जेट मोठा आहे असे समजावे. इंजिनाने जोर धरला, आवाजातला घोगरेपणा काही क्षण नाहीसा झाला. 150 चा जेट घातल्यावर तोच स्वच्छ आवाज कॉक उघडा असताना मिळाला. नवा प्लग लावून, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवली. चिनीमातीच्या तळाशी फिकट काजळीची बारीक कडी दिसली, जशी हवी तशी. इथे एक सूचना करावीशी वाटते की जेट घेताना आकड्याबरोबर त्याची जातही पाहावी. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहावर आधारलेला असतो, तर केहिनच्या जेटवरचा आकडा छिद्राच्या व्यासावर, शतांश मिलिमीटरमध्ये. त्यामुळे दोन वेगळ्या जातींचे 150 सारखे धरू नयेत.

मालकांना ही गाडी उंच खिंडींत न्यायची होती. 3,000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश राहते. कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून तेच जेट तिथे साधारण सोळा टक्के रिच ठरू शकतात. सीव्ही कार्बोरेटर यातला काही भाग स्वतः सांभाळून घेतो, सगळा नाही. मी त्यांच्या अवजारांच्या पिशवीत 145 आणि 140 चे जेट ठेवून दिले, बाऊलचे स्क्रू कसे सोडायचे ते त्यांच्याच हाताने एकदा करवून घेतले, आणि साइड कव्हरच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली : पायलट 45, मेन 150, नीडलखाली 0.5 मिमी, स्क्रू सव्वादोन वळणे, एअरबॉक्स उघडा. चिठ्ठीची शेवटची ओळ मी ठळक अक्षरांत लिहिली : इंजिन गरम झाल्यावर चोक बंद.