जन्म राजूरचा, कळसूबाई मात्र चाळिशीत!

राजूरला जन्मलो, कळसूबाई रोज अंगणातून दिसायची, पण वर चढायला चाळिशी उजाडावी लागली. पुण्यातले मित्र दोनदोनदा जाऊन आलेत, आणि आम्ही घरचे म्हणून निवांत!

काल पहाटे पाचला पायथ्याच्या बारी गावातून निघालो. १६४६ मीटर. आकडा वाचायला सोपा आहे. पहिल्या शिडीपाशीच गुडघ्यांनी तक्रार नोंदवली. लोखंडी कठडा दवानं इतका गार की हात आपोआप सदऱ्यात जात होता. कडेनं सोनकी नुसती पिवळीधम्मक. मध्येच एका झापाशी मावशींनी ताक दिलं. "कुठले?" म्हणाल्या. "राजूरचा." "मंग एवढा काय दमला?" यावर उत्तर नव्हतं.

वर धुकं. देवीपुढं नारळ फोडला, अर्धा तास कुडकुडत बसलो. मग पाचच मिनिटं पडदा सरकला आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडं अलंग-मदन-कुलंगचे किल्ले. फोटो काढायला मोबाईल काढेपर्यंत परत सगळं पांढरं. त्यामुळं फोटो मागू नका.

येताना राजूरचे पेढे घेतले. अर्धा किलो. घरी पाव किलोच पोचले, आईला सांगू नका.